आतोबा गाडीखाली सापडले त्यानंतर

आमचे आतोबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कंपनीत त्यांना सगळे 'कुलूप' म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं किंवा डब्याच्या टपावर चढायचं, तर आधी वर जाऊन वीज बंद करायची, मेन स्विचला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची, हा त्यांचा नेम. खाली लोक ताटकळत उभे असोत की कोणी घड्याळ दाखवत असो, कुलूप लागल्याशिवाय हा माणूस आत पाऊल टाकत नसे. एका कचेरीतल्या बड्या साहेबांनी एकदा "दोन मिनिटांचं तर काम" म्हणून घाई केली, तेव्हा आतोबांनी हत्यारांची पेटी बंद केली, तिच्यावरच बसले आणि साहेबांचं बोलून संपेपर्यंत थांबले. मग उठून कुलूप लावायला गेले.

माझी आत्या एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसायची. बाहेरून फोन आला की तो हव्या त्या वॉर्डात, हव्या त्या डॉक्टरांकडे जोडून द्यायचा, हे तिचं काम. पलीकडून कोणी रडत असायचं, कोणी ओरडत असायचं, कोणाला आपल्याच पेशंटचं नाव आठवत नसायचं. आत्या प्रत्येकाचं ऐकून घ्यायची आणि त्याच शब्दांत परत म्हणून दाखवायची, म्हणजे चूक राहू नये. ही सवय घरातही सुटली नव्हती. आतोबांनी "मीठ कमी आहे" म्हटलं की ती म्हणायची, "मीठ कमी आहे," आणि बरणी पुढे सरकवायची. त्यात टोमणा नसायचा, पण आम्हां भाचरांना हसू आवरायचं नाही.

घर बैठं होतं. पुढे फरशीचं अंगण, आणि अंगणात एक जुनी हिरवी गाडी, कोणाकडून तरी वापरलेली घेतलेली. ती आत्या कामावर न्यायची आणि आतोबा दुरुस्त करायचे. रविवारी सकाळी ते जुनी पँट चढवून गाडीपाशी जायचे, आत्या बुटक्या स्टुलावर पान्यांची पिशवी घेऊन बसायची. ते हात पुढे करायचे, "दहा-अकरा," आणि ती दहा-अकराचा पाना त्या हातात ठेवायची. दोघांचं आठवड्याचं बोलणं एवढंच, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. भांडण नव्हतं. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, इतकंच.

आतोबांकडे चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक होता. लांब दांडा वरखाली केला की आतल्या तेलाच्या दाबानं गाडी उचलली जायची, आणि दांडा पिळून झडप सैल केली की खाली यायची. त्याच्याबरोबर त्यांनी दोन लोखंडी स्टँडही आणले होते. गॅरेजमधली माणसं त्यांना घोड्या म्हणतात. जॅकनं गाडी उचलायची, मग तिचं वजन घोड्यांवर टेकवायचं, आणि त्यानंतरच खाली हात घालायचा, अशी ती रीत. सुरुवातीला आतोबा ती पाळायचे. पुढे घोड्या माळ्यावर गेल्या. त्यांच्यापुढे जुन्या गाद्या आल्या. काढायच्या म्हणजे शिडी आणा, गाद्या उतरवा, शिंका द्या. मग जिथे फार वेळ लागणार नाही तिथे घोड्या राहू लागल्या, आणि हळूहळू कुठल्याच कामाला फार वेळ लागेनासा झाला.

म्हणजे दुसऱ्यांच्या इमारतींत कुलपावाचून पाऊल न टाकणारा माणूस स्वतःच्या अंगणात नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली सरपटत जात होता. तुला हे खटकायचं नाही का, असं मी आत्याला पुढे एकदा विचारलं. ती म्हणाली, खटकायला आधी कळायला तर हवं.

त्या रविवारी काम म्हणावं असं काही नव्हतंच. सायलेन्सर कुठेतरी पत्र्याला लागून खडखडत होता, तो नेमका कुठे लागतोय तेवढं बघायचं होतं. आतोबांनी गाडी हातानं ढकलून अंगणाच्या मधोमध घेतली, त्यामुळे ती न्यूट्रलमध्येच राहिली. हँडब्रेक ओढला, पण तो कधीचा ढिला होता. चाकांना दगड लावला नाही. धुतलेलं पाणी फाटकाकडे वाहून जावं म्हणून अंगणाला किंचित उतार होता. रोज वावरणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही एवढा. पुढच्या चाकामागे जॅक लावून त्यांनी गाडी उचलली. आत्या दूध बघायला आत गेली होती. आतोबा उजवा खांदा आत घालून कुशीवर सरकले आणि सायलेन्सर हातानं रेटून बघू लागले. गाडी वीतभर मागे सरकली. जॅक तिरका झाला, निसटला, आणि गाडी खाली आली.

चाक काढलेलं नव्हतं म्हणून ते वाचले. गाडी टायरवर टेकून थांबली. तिच्या पोटाखाली जेवढी जागा उरली तेवढी आतोबांच्या वाट्याला आली, आणि त्यांच्या छातीला ती पुरेशी नव्हती.

आत्यानं धप्प असा आवाज ऐकला आणि त्यानंतर काहीच ऐकलं नाही. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं, असं ती म्हणाली. ती बाहेर आली तेव्हा तिला गाडीखालून बाहेर आलेले पाय दिसले. ते हलत होते. ती जमिनीवर आडवी झाली आणि आत बघितलं. आतोबांचे डोळे उघडे होते, तोंड उघडं होतं, आणि त्यातून आवाज येत नव्हता.

शेजारी एक पोहणं शिकवणारे मास्तर राहायचे. दांडगा माणूस. त्यांच्याकडे त्या दिवशी त्यांचे दोघे जावई आलेले होते. आवाज ऐकून तिघेही धावत आले, आणि मास्तरांनी आल्याआल्या गाडीच्या कडेला हात घातला. तिघे मिळून एका दमात उचलू, वहिनी त्यांना ओढतील, असा त्यांचा बेत.

"हात लावू नका," आत्या म्हणाली. "उचललीत आणि सुटली तर?"

मास्तर मला पुढे म्हणाले, की ती ओरडली असती तर आम्ही ऐकलं नसतं. ती ओरडली नाही म्हणून थांबलो. तिनं मास्तरांना इस्पितळाच्या तातडीच्या विभागाचा थेट नंबर तोंडपाठ सांगितला, फोन करायला लावलं. जावयांना मागच्या चाकांमागे विटा ठेवायला सांगितल्या. मग डिकी उघडून गाडीबरोबर आलेला छोटा जॅक काढला, दांडा फिरवला की स्क्रूवर वर होतो तसला. तो तिनं कधी हातात धरला नव्हता. पण आतोबा जॅक लावण्याआधी पत्र्याच्या कडेला बोटानं चाचपतात, तिथे एक खाच असते, हे तिनं स्टुलावरून अनेकदा पाहिलेलं होतं. तिनं तशीच चाचपली. खाच सापडली. जॅक तिच्याखाली सरळ उभा केला आणि ती दांडा फिरवू लागली.

दांडा निसटायचा, बोटं फरशीवर घासायची. गाडी बोटभर वर आली तेव्हा आतून श्वासाचा आवाज आला. मास्तर म्हणाले, ओढू का. ती नाही म्हणाली. तिनं एका जावयाला डिकीतली स्टेपनी आणायला लावली आणि ते चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली, आतोबांच्या बाजूला सरकवलं. त्यानंतर आणखी थोडं फिरवलं. मगच ओढायला सांगितलं.

मी तिला विचारलं होतं, की त्या गडबडीत स्टेपनी कशी सुचली.

"एकदा पडली होती ना," ती म्हणाली. "मग परत पडणार नाही कशावरून?"

आतोबांच्या बरगड्या मोडल्या होत्या, खांद्याचं हाड दुखावलं होतं आणि एका फुप्फुसाला मार बसला होता. ते बरेच दिवस इस्पितळात होते, तिच्याच इस्पितळात. ती दुपारपर्यंत खाली फोन जोडायची आणि नंतर वर त्यांच्याजवळ येऊन बसायची. ते बोलू लागले तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर जॅकमधून तेल गळलंय का. तिनं घरी जाऊन पाहिलं. गळलेलं नव्हतं.

घरी परतल्यावर त्यांना भेटायला कंपनीतले सुपरवायझर आले. आत्यानं पाणी आणून ठेवलं. सुपरवायझरांनी खांद्याची चौकशी केली, कंपनीतल्या इकडच्यातिकडच्या गोष्टी सांगितल्या आणि मग आत्याकडे वळून विचारलं, की जिना धुतलेला होता का, म्हणून पाय घसरला का.

आत्यानं आतोबांकडे पाहिलं. आतोबा पंख्याकडे बघत होते.

"ओला होता," आत्या म्हणाली.

त्या घराला उंबरठ्यापलीकडे चढउतार नव्हता. माळ्यावर जायचं तर शिडी लावावी लागायची. सुपरवायझर समोरच्या खोलीत बसून, सबंध घर डोळ्यांसमोर असताना, मान हलवत राहिले, जिने फार वाईट म्हणाले आणि निघून गेले. जिन्यावरून पडल्याचं आतोबांनीच कंपनीत कळवलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी जेवण अर्ध्यावर टाकलं.

खांदा जुळला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. असा हात लिफ्टच्या कामाला निरुपयोगी. कंपनीनं त्यांना नव्या लोकांना शिकवायचं काम दिलं. पंख्याखाली बसून, फळ्यावर आकृत्या काढून, वीज आधी का तोडायची, कुलूप का लावायचं, किल्ली दुसऱ्याच्या हाती का द्यायची नाही, हे सांगायचं. हे तर त्यांच्या हातचा मळ. पण घरी आले की ते खुर्चीत बसून राहायचे. आत्याला वाटलं, हात गेल्याचं दुःख असेल. तसं ते होतंच, पण तेवढंच नव्हतं.

एक दिवस त्यांनी माळ्यावरून घोड्या उतरवून घेतल्या. शिडीवर आत्या चढली. मास्तरांना बोलावून त्यांनी गाडी जॅकनं उचलायला लावली, बाजूला घोड्या ठेवल्या, पण वजन जॅकवरच राहू दिलं, आणि दिवसभर खुर्ची टाकून समोर बसले. संध्याकाळी मास्तरांना पट्टी लावून बघायला सांगितलं. जॅक केसभरही खाली आला नव्हता. सील शाबूत, झडप शाबूत, तेल भरपूर. जॅकवर ठपका ठेवायला काही जागाच उरली नाही. त्यांनी गाडी खाली घ्यायला सांगितली, तिच्यावर कापड टाकलं आणि आत्याला म्हणाले, की आता ही कोणाला तरी देऊन टाकू.

गाडी तशीच पडून राहिली. आत्या इस्पितळात बसनं जाऊ लागली. मग तिनं एकदा कापड काढून गाडी रस्त्यावर नेऊन आणली. ब्रेक लावला की पुढून करकर आवाज यायचा. आतोबा न बघताच म्हणाले, पॅड संपले असतील, गॅरेजला दे.

"मी बदलते," आत्या म्हणाली.

"तू गाडीखाली जायचं नाहीस."

"खाली कोण जातंय? चाक काढायचंय."

"जॅक मी देणार नाही."

"देऊ नका. कसा लावायचा तेवढं सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. काही दिवस घरात तेवढंही बोलणं उरलं नाही. आतोबा मला म्हणाले, तुझ्या आत्याला समजाव, या वयात हे कसलं खूळ. मी समजवायला गेले तर तिनं मलाच समजावलं. त्या दिवशी दांडा फिरवत होते ना, म्हणाली, तेव्हा मी करतेय ते बरोबर की चूक हे मला कळत नव्हतं. बरोबर निघालं. पण ते न कळणं मला आवडलं नाही. ती हे अगदी सहज म्हणाली, भाजी निवडता निवडता. मी आतोबांना जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

पुढच्या रविवारी ते जुनी पँट घालून बाहेर आले आणि खुर्ची अंगणात नाही, मागच्या बाजूला टाकली. तिथे सिमेंटची सपाट जागा होती, पूर्वी पाण्याची टाकी होती ती काढल्यावर उरलेली. आत्याला त्यांनी जमिनीवर एक काचेची गोटी ठेवायला लावली. गोटी जागची हलली नाही. मग अंगणात ठेवायला लावली. ती रमतगमत फाटकाकडे निघाली. आत्यानं ती पायानं अडवली.

"इथे नाही, तिथे," आत्या म्हणाली.

"इथे नाही, तिथे," आतोबा म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तिची नक्कल केली, आणि तीही नकळत.

त्यांनी तिला घाई करू दिली नाही. आधी हँडब्रेकची तार आवळायला शिकवलं. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायला लावली. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडाच्या पाचरी. उचलण्याआधीच, चाक जमिनीवर असताना, नट थोडे थोडे सैल करायचे. गाडी उचलल्यावर पान्याला हिसका दिला तर सगळी गाडी हिसकते. जॅकचं तोंड खाचेखाली नेमकं मधोमध आलंय का ते वाकून बघायचं, पण वाकायचं बाहेर राहून. जॅकची स्वतःची चाकं सरळ आहेत ना, त्यांच्यापुढे खडा नाही ना, कारण दांडा मारताना जॅकही थोडा पुढे सरकतो, आणि त्याला सरकता आलं नाही तर तो तिरका होतो. हे सांगताना त्यांचा आवाज कंपनीतला व्हायचा. आत्या प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवायची आणि मग करायची.

"जॅक फक्त उचलतो," ते म्हणाले. "धरून ठेवणं त्याचं काम नाही. एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे."

पहिल्या रविवारी चाक निघालंच नाही. उचल, घोडी सरकव, झडप हळू सैल कर, वजन घोडीवर टेकलं का बघ, परत उचल, घोडी काढ, खाली घे. पुन्हा पहिल्यापासून. दुपारी तिचे हात भरून आले. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या वेळी मात्र ती दांडा खाली ठेवून म्हणाली, की मी काय घोड्यांना फिरवून आणायला बसलेय का, आज तरी चाक निघणार आहे की नाही. आतोबा म्हणाले, निघेल.

गाडी घोडीवर टेकली. आता खाली हात घालण्याआधी ती हलवून बघायची होती. गाडीला बाजूनं जोर लावायचा. घोडीवर नीट बसली नसेल तर आताच कळेल, आणि तेव्हा खाली कोणी नसेल. आतोबा उठले. अपघातानंतर उचललेल्या गाडीच्या हाताइतक्या अंतरावर ते पहिल्यांदाच आले होते. जॅकची परीक्षा घेतली त्या दिवशीही ते खुर्चीतून हलले नव्हते. ते बॉनेटपाशी गेले आणि थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला. आत्यानं पाहिलं. ती पान्याशी उगाच खटपट करत म्हणाली, "मी ढकलते. तुम्ही घोडीकडे लक्ष ठेवा."

तिनं ढकललं. गाडी हलली नाही. ते घोडीकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात बॉनेटवर ठेवला आणि स्वतः ढकलून पाहिलं, एकदा हलके, एकदा जोरात. त्यानंतर ते खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, काढ चाक. काढलेलं चाक तिनं त्यांनी न सांगता गाडीच्या कडेखाली आडवं सरकवलं. तिच्या मते त्यांना ते आवडलं असावं.

पॅड बदलायला तिला दुपार झाली. जुने पॅड तिनं फडक्यात गुंडाळून ठेवले आणि मी गेले तेव्हा मला दाखवले. झिजून कागद झालेले.

त्यानंतरच्या एका रविवारी सुपरवायझर पुन्हा आले, काहीतरी सही हवी होती. घरात कोणी दिसेना म्हणून ते बाजूनं मागे आले. गाडी दोन घोड्यांवर, आत्याची पावलं गाडीखालून बाहेर आलेली, कारण तोवर ती इंजिनचं तेल स्वतः बदलू लागली होती, आणि आतोबा खुर्चीत. आतोबांनी त्यांना बसायला स्टूल दिलं. सही केली. पेन परत करताना म्हणाले,

"जिना नव्हता. ही गाडी होती. मी हिच्या खाली होतो, घोडी न लावता."

आत्या खालून ऐकत होती. तिनं हातातलं काम थांबवलं.

"मला माहीत होतं," सुपरवायझर म्हणाले. "तुमच्या घराला जिना नाही."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुम्ही आजारी होता. आणि वहिनींनी जिना ओला असल्याचं सांगितलं, म्हटलं असेल."

गाडीखालून हसण्याचा आवाज आला. आत्या म्हणते, हसू आलं ते आलं, पण लगेच दुसरा विचार आला. हे गृहस्थ आता कंपनीत जाऊन काय सांगतील, कुलपाची काय शोभा होईल. सुपरवायझरांनी कोणाला काहीच सांगितलं नाही. आतोबांनीच सांगितलं. वर्गात, फळ्यासमोर उभं राहून, नव्या लोकांना. लिफ्टचं काही नाही, घरच्या गाडीचं सांगितलं: उतार, ढिला ब्रेक, माळ्यावरच्या घोड्या. काही जण हसले. आतोबांनी त्यांना हसू दिलं आणि मग हात वर करून दाखवला, जिथपर्यंत जातो तिथपर्यंत. कंपनीतलं त्यांचं नाव काही बदललं नाही. पुढे पुढे काही नवे लोक ते तोंडावर म्हणू लागले, आणि त्याला ते ओ देऊ लागले.

आत्या स्वतः गाडी दुरुस्त करते ही बातमी गल्लीत पसरल्यावर लोक जॅक मागायला येऊ लागले. पहिले आले ते मास्तरच. आत्यानं सांगितलं, एकटा जॅक मिळणार नाही, घोड्या सोबत न्याव्या लागतील. मास्तरांनी नेल्या. परत आल्या तेव्हा घोड्यांवर आधीची धूळ जशीच्या तशी होती. पुढच्या वेळी मास्तरांनी जॅक मागितला तेव्हा आत्या घोड्या उचलून त्यांच्यामागोमाग गेली आणि काम संपेपर्यंत त्यांच्या फाटकात उभी राहिली. मास्तर चिडले. मी काय पोर आहे का, म्हणाले. नाही, आत्या म्हणाली, पोर असता तर ऐकलं असतंत. दोन्ही घरं महिनाभर बोलत नव्हती. मग मास्तरांनी स्वतःच्या घोड्या आणल्या, आणि त्या दाखवायला बोलावलं.

आतोबा आणि आत्या मात्र बोलू लागली होती. सुरुवात पान्यांपासून, नटांपासून झाली. ती गाडीखालून काय दिसतंय ते सांगायची, ते वरून विचारायचे, की तेल काळं आहे की करडं, ओलं कुठवर आहे. दिसत नसलेलं एकमेकांना सांगायचं म्हणजे नीट बोलावं लागतं. त्यातून इस्पितळातल्या गोष्टी निघाल्या, लिफ्टमधल्या निघाल्या. एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एक बाई त्यांच्यासाठी दर खेपेला गाणं लावून ठेवायची, हे त्यांनी तिला इतक्या वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं. तिनं विचारलं, बाई दिसायला कशी होती. ते म्हणाले, मी टपावर असायचो, मला फक्त गाणं ऐकू यायचं. तिला ते काही फारसं पटलेलं नाही.

हिरवी गाडी पुढे फारच खिळखिळी झाली आणि भंगारात गेली. आता त्यांच्याकडे नवी आहे. तिच्या इंजिनावर काळी प्लास्टिकची झाकणं आहेत, आणि बरीचशी कामं मशीन लावल्याशिवाय होत नाहीत. दोघं निवृत्त झाली आहेत. गाडी गॅरेजला दिली की तिथेच बाकावर बसून राहतात. गॅरेजवाल्याला सुरुवातीला याचा वैताग आला. दोन म्हातारी माणसं टक लावून बघत बसली की त्याच्या कारागिरांचे हात अडखळायचे. आत्या एकदा एका कारागिराला गाडीखालून बाहेर बोलावून काहीतरी विचारत बसली, आणि तो उत्तरं देत असताना आतोबांनी दुसऱ्याला घोडी लावायला सांगितली. गॅरेजवाल्यानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. आता ते येणार असले की तो बाक आधीच सावलीत ओढून ठेवतो.

गाडी मिळाली की आत्या चालवायला बसते. आतोबांना पट्टा ओढून घेणं अजून जड जातं, तो ती लावून देते. मग थेट घरी न जाता दोघं लांबच्या रस्त्यानं निघतात, खडखड काही येतेय का ते ऐकायला. नव्या गाडीत तशी ती येत नाही.